रिकाम्या टेबलाला घाबरणारा माणूस

भाऊजी,

काल तुमच्या तेरवीचं वरण खारट झालं होतं. एवढी माणसं पंगतीत बसली होती, पण एकानं तोंडातून शब्द काढला नाही. दुखवट्याचं जेवण, कोण बोलणार! सगळे मुकाट भात कालवून राहिले होते. तुम्ही असते तं पहिल्याच घासाला म्हणाले असते, "सुमन, मीठ जास्त झालं, पाणी घाल." सुमनताईनं डोळे वटारले असते, अन् वरण सुधारलं असतं. मी भिंतीवरच्या तुमच्या फोटोकडं पाहिलं आणि मला रडू यायच्या ऐवजी हसू आलं. शेजारी बसलेल्यांना वाटलं असेल, साळ्याचं डोकं फिरलं.

ग्वारीघाटावर तुमच्या चितेपाशी लोक मला म्हणून राहिले होते की चार शब्द बोल. मी बोललो नाही. कारखान्याच्या गेटसमोर खोक्यावर चढून घसा फाटेस्तोवर भाषण ठोकणारा मी, युनियनचा सेक्रेटरी, तिथं नुसती लाकडं रचत राहिलो. तुम्ही कुठं जन्मले, कधी नोकरीला लागले, हे ज्याला पाहिजे त्यानं ऑफिसात जाऊन विचारावं. मला तुमच्याशी बोलायचं आहे. थोडं भांडायचंही आहे, कारण आपलं एक भांडण अर्धं राहिलं.

ते भांडण तुम्हाला आठवतच असेल. जबलपूरच्या कारखान्यातल्या आपल्या शॉपमध्ये, आपल्या खात्यात, तेव्हा दारूगोळ्याच्या लाकडी पेट्या बनत. सगळे सुतार. मीही सुतार. तुम्ही आमचे फोरमन, अन् वरून माझ्या सख्ख्या बहिणीचे नवरे. बासष्टची लढाई झाली आणि वरून हुकूम आला, लाकूड बंद, आता पेट्या लोखंडी पत्र्याच्या. त्याही अशा की आत थेंबभर ओल शिरायला नको. म्हणजे सुतारांनी वेल्डर व्हायचं. ज्याला जमणार नाही त्याचं काय, ते हुकमात नव्हतं. सुताराच्या हातातून रंधा काढून घेतला तं त्याच्याजवळ राहतं काय, सांगा! माणसं टिफिन न खाता परत नेऊ लागली होती. त्यांच्या बायका ताईकडं येऊन विचारून जात, "दीदी, साहब घर में कुछ बोले क्या?"

मी गेटवर सभा घेतली. तुमच्या विरुद्ध. आपलेच दात अन् आपलेच ओठ, पण मी मागं पाहिलं नाही. म्हटलं, "भाइयो, ये फोरमन मेरे घर का आदमी है, इसलिए बोल रहा हूँ. इसके मीठे बोल पर मत जाना. जो चाहिए वो लिखवा के लो." तुम्ही मागं सायकल धरून उभे होते. भाषण संपलं तं सगळ्यांसोबत तुम्हीही टाळ्या वाजवल्या. असा राग आला मला! शत्रूनं शत्रूसारखं राहावं की नाही?

संध्याकाळी मदन महल वस्तीतल्या घरी तुम्ही पाटावर बसता बसता म्हणाले, "चांगला बोलला गा वसंता. पण लिहून मी नाही देऊ शकत. तो अधिकार मला नाही. जे माझ्या हातात नाही ते लिहून दिलं तं ते खोटं होईल. माझ्या हातात एवढंच आहे, की सुतारांमधून कोणाला काढायची वेळ आली तं पहिलं नाव माझं. हे मी उद्या सगळ्यांसमोर बोलणार आहे. मग तुम्ही माझ्यावर नजर ठेवा."

"अन् तुम्ही उद्या बदलून गेले तं?" मी म्हटलं. "मेले तं? तुमचा शब्द आम्ही कोणाला नेऊन दाखवायचा? शब्द माणसाबरोबर जातो, भाऊजी. कागद राहतो."

ताईनं हातातली पळी परातीवर आपटली. "मेल्या, जिभेला काही हाड!"

तुम्ही मात्र हसले. म्हणाले, "बरोबर बोलून राहिला तो. माझ्याजवळ उत्तर नाही. पाहू." ते उत्तर तुम्ही मला कधी दिलं नाही. दर पोळ्याला, दर दिवाळीला मी तो विषय काढायचो, अन् तुम्ही "पाहू" म्हणून पान तोंडात टाकायचे.

दुसऱ्या दिवशी तुम्ही शॉपमध्ये तो शब्द तुमच्या त्या दिव्य हिंदीत दिला. "देखो, ऐसा है." त्या "देखो, ऐसा है"वर आख्खं शॉप जगत होतं. रामदीन चाचा तुमची नक्कल अशी करायचे की डोळे मिटून ऐकलं तं तुम्हीच! चष्मा नाकावर, एक खांदा वर, अन् "मेरे को क्या लगता की". हे रामदीन म्हणजे आमच्यातले सगळ्यात जुने सुतार. तुम्हाला ते नकलेचं माहीत होतं, अन् गंमत अशी की तुम्हाला ते पाहिजेच होतं. दर शनिवारी जेवताना विचारायचे, "काहून गा, या हप्त्यात माझ्यावर काय हसले?" मी सांगायचो. तुम्ही समाधानानं ताक प्यायचे. एकदा मी विचारलं, तुम्हाला वाईट नाही वाटत? तुम्ही म्हणाले, "ज्या दिवशी हसणं थांबेल त्या दिवशी मला वाईट वाटेल. भ्यायलेला माणूस नक्कल करत नाही."

आणि ती सायकल! तुमच्या घरासमोरून निघायचो, गप्पा मारत रेल्वेच्या पुलापर्यंत सोबत यायचो, अन् तिथं तुम्ही उतरून सायकलची साखळी पाहायचे. रोज. चांगली धडधाकट साखळी! मी पुढं निघून जायचो. "फोरमन अन् युनियन सोबत गेटातून आत गेले तं तुझ्यावरचा विश्वास जाईल, माझ्यावरचा तं अजून आलाच नाही," असं तुमचं म्हणणं. ताई हसायची, म्हणायची, नवीन लग्न झालेली पोरं तरी बरी.

वेल्डिंग शिकवायला बाहेरून माणूस आला तेव्हा तुम्ही फोरमनची खुर्ची सोडून आमच्यासोबत ओळीत बसले. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात वेल्डिंगचा होल्डर. बाप्पा, पत्र्याच्या सांध्याची काय तुमची ती शिवण! वाकडी, कुठं गाठ, कुठं भोक. पेटी बंद करून पाण्याच्या हौदात दाबून धरायची अन् बुडबुडे येतात का पाहायचं, अशी परीक्षा होती. तुमच्या पेटीतून खीर उकळावी तसे बुडबुडे. सगळे खो खो हसले, अन् तुम्हीही.

त्या साली विश्वकर्मा पूजेला मोठा पेच पडला. सुतार आपापले रंधे, पटाश्या घासूनपुसून चौरंगावर मांडतात, ही रीतच. आता होल्डर मांडायचा की नाही? मांडला तं लाकूड सोडल्यासारखं. नाही मांडला तं ज्या हत्यारावर पोट आहे त्याचा अपमान. सगळे एकमेकांच्या तोंडाकडं पाहत उभे. तुम्ही रामदीन चाचांचा रंधा उचलला, कपाळाला लावला, चौरंगाच्या मधोमध ठेवला, अन् त्याच्या बाजूला आपला होल्डर ठेवून म्हणाले, "ये इसका छोटा भाई है." चाचांनी दोघांना हळद-कुंकू लावलं. मला वाटतं त्या दिवशी पहिल्यांदा शॉपनं तुम्हाला थोडंसं आपलं म्हटलं. थोडंसंच. अजून खरी गोष्ट पुढं होती.

वैशाखातलं जबलपूर तुम्हाला काय सांगायचं. रंगवून तयार पेट्या यार्डात उन्हात ठेवल्या होत्या. आपण दोघं पाणी प्यायला चाललो होतो, अन् तुम्ही एका पेटीपाशी थबकले. कोपऱ्यात रंगाला फोड आला होता, त्यातून काहीतरी पिवळट ओघळलं होतं. तुम्ही बोट लावलं, वास घेतला. मेण.

मी नजर दुसरीकडं वळवली. कारण मला ठाऊक होतं, अन् शॉपमध्ये बहुतेकांना ठाऊक होतं. सुताराचा हात, भाऊजी! सांध्यात फट राहिली की भुसा अन् सरस कालवायचा, फट भरायची, वरून रंधा मारायचा. यात लबाडी नाही. बाप मुलाला पहिले हेच शिकवतो, अन् ज्याची भरलेली फट दिसत नाही तो मोठा कारागीर. लाकूड ते मानूनही घेतं. माणसांनी लोखंडाला तेच केलं. शिवणीत भोक राहिलं की मेण दाबायचं, वर रंग मारायचा, हौदात एक बुडबुडा येत नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते हेच. ती पेटी पुढं मालगाडीच्या तापलेल्या डब्यात जाणार, मेण वितळणार, आत ओल शिरणार, अन् सीमेवर ऐन वेळी कोणाची तरी गोळी फुसकी निघणार, हे कोणाच्या डोक्यात आलंच नव्हतं.

तुम्ही स्वतः जाऊन सांगितलं, तं कारखान्याचा मोठा साहेब उभाच राहिला. बासष्टचा मार ताजा होता, गद्दार हा शब्द ज्याच्या त्याच्या तोंडी होता. "मुझे नाम चाहिए. अभी. पुलिस बुलाता हूँ." युनियनकडून मला बोलावलं होतं. मी छाती पुढं काढून सांगणारच होतो की नाव मिळणार नाही, तं तुम्ही आधी बोलले.

"साहब, देखो, ऐसा है. ये चोरी नहीं है. सुतार फट भरता है, वो उसका हुनर है. मैंने उनके हाथ में लोहा दिया और लोहे का सोभाव नहीं बताया. नाम लिखने का है तो मेरा लिखो."

साहेब परत खुर्चीत बसला. मग म्हणाला, "ठीक है. अगली खेप में एक भी पेटी ऐसी निकली तो सारे सुतार बाहर. और सबसे पहले आप."

"मंजूर," तुम्ही म्हणाले.

जिन्यात मी तुम्हाला धरलं. कोणाला विचारून मंजूर म्हटलं? घरी ताई आहे, पोरं आहेत, इकडं एवढ्या लोकांच्या चुली आहेत! तुम्ही कठड्याला टेकून शांतपणे मलाच विचारलं, "ते मेण काहून भरून राहिले, सांग बरं."

"सवय."

"सवय अर्धी. अर्धं भेव. गळकी पेटी दाखवली तं म्हणतील याला जमत नाही, याला काढा. म्हणजे मी सगळ्यांसमोर शब्द दिला, अन् एकाचाही त्यावर विश्वास नाही. हे मला आज त्या पेटीनं सांगितलं. मला वाटून राहिलं होतं, सगळं ठीक आहे."

तेव्हा प्रथम मला तुमचा चेहरा पडलेला दिसला. साहेबासमोर नव्हता पडला, तो जिन्यात पडला.

दुसऱ्या दिवशी तुम्ही सुतारकामाचं एक जुनं टेबल ओढत आणून शॉपच्या दाराशी ठेवलं, येणाऱ्याजाणाऱ्याच्या ऐन डोळ्यांसमोर. ज्याची पेटी गळते त्यानं ती या टेबलावर आणून ठेवायची. कोणाची ते विचारायचं नाही, अन् गळकी पेटी दाखवली म्हणून कोणाचं काम काढायचं नाही, हा तुमचा शब्द. सुट्टीच्या आधी सगळ्यांनी मिळून पाहायचं की कुठं चुकलं. अन् मेण कोणी भरायचं नाही. मी घरी येऊन तुमच्याशी तावातावानं भांडलो. "झाकली मूठ सव्वा लाखाची, भाऊजी! आपली लाज काय अशी दारात मांडायची?" तुम्ही म्हणाले, "घरात चालते गा झाकली मूठ. पेटीत नाही चालत."

टेबल रिकामंच राहिलं. दिवसामागून दिवस. इकडं खेप भरत आली होती. माणसं टेबलाकडं न पाहता बाजूनं जायची, जसं काही तिथं साप बसला आहे. शेवटी तुम्ही स्वतः बसून एक पेटी केली, हौदात बुडवली, भसाभसा बुडबुडे आले, अन् ती तुम्ही उचलून टेबलावर ठेवली. सुट्टीच्या आधी हाक मारली, "आओ, मेरी इज्जत देखो." रामदीन चाचा पुढं आले. पेटी उलटीपालटी केली अन् तुमच्याच आवाजात म्हणाले, "मेरे को क्या लगता की ये तो चलनी है." पेटी नाही, चाळणी! असा हशा! त्या हशात तुम्ही त्यांच्याकडून कोपरा कसा धरायचा ते शिकून घेतलं. दुसऱ्या दिवशी टेबलावर दोन पेट्या होत्या. त्यानंतर रोज. ज्यांनी आधी मेण भरलं होतं त्यांनी यार्डातून आपापल्या पेट्या शोधून आणल्या. खेप गेली, एक पेटी परत आली नाही. एक सुतार बाहेर गेला नाही. पासष्टची लढाई लागली तेव्हा आपल्या पेट्या गाड्या भरभरून जात होत्या, अन् आम्ही छाती काढून गेटातून बाहेर पडत होतो.

पाहुणे साहेब लोक यायचे तेव्हा ते टेबल पाहून नाकं मुरडायचे. इतका खराब माल, अन् तो दर्शनी! तुम्ही सांगायचे, "साब, ये मेरा थर्मामीटर है." त्यांना वाटायचं हा माणूस अर्धवट आहे. टेबल भरलेलं असलं की तुम्ही शीळ घालत घरी यायचे, अन् रिकामं असलं की तुमचं जेवण जायचं. अशा उफराट्या माणसाला माझी बहीण दिली होती आम्ही!

आता एकाहत्तरची गोष्ट. हे मला लिहायलाच पाहिजे, कारण तुम्ही कोणाला सांगितलं नाही अन् ताईलाही अर्धंच माहीत होतं.

लढाई लागायच्या बेतात होती. शॉपमध्ये मुंगीला जागा नाही, इतक्या पेट्या. वरून शाबासकी आली, की तुमच्या शॉपची एक पेटी नापास नाही. माणसं खूश. तुम्ही त्या शनिवारी ताट पुढं सरकवून बसले.

"टेबल रिकामं आहे," तुम्ही म्हणाले.

"मग चांगलंच आहे की. शिकले सगळे."

"इतके नाही शिकले. इतक्या वर्षांत मी नाही शिकलो इतका."

सोमवारी तुम्ही तुमचा डबा घेऊन रामदीन चाचांच्या शेजारी जाऊन बसले. मी दुरून पाहत होतो. चाचांनी उठून जागा दिली. "जी साहब," "हाँ साहब," "आपकी कृपा है साहब." परतताना तुम्ही माझ्याजवळ येऊन कानात म्हणाले, "वसंता, रामदीननं आज मला आदरानं वागवलं. काहीतरी मोठी गडबड आहे." अन् विचारलं, तुला माहीत असेल तं सांग.

मला माहीत होतं. पण मी म्हटलं, "मी तुमचा जासूस नाही." शॉपची गोष्ट शॉपच्या माणसानं सांगावी, साहेबाच्या साळ्यानं नाही. आजही माझं तेच मत आहे.

तुम्ही रागावले नाही. म्हणाले, "बरोबर. मीच विचारतो, सगळ्यांसमोर." अन् हौदापाशी उभं राहून विचारलं. मग चाचा खाली पाहून बोलले. नवा सुपरवायझर आला होता, हुशार, घाईतला. त्यानं टेबलावर पेटी ठेवताना चाचांना पाहिलं होतं, अन् लढाईच्या दिवसांत हे परवडत नाही म्हणून त्यांच्या हातातला होल्डर काढून घेऊन त्यांना पेट्या उचलायला लावलं होतं. तुम्ही तेव्हा माल आणायला बाहेरगावी होते. तुम्हाला कोणी सांगितलं नाही. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, अन् इथं तं सगळ्यांचं तोंड पोळलं होतं; टेबलाकडं कोणी फिरकत नव्हतं, भोकं पुन्हा झाकली जात होती.

तुम्ही चष्मा काढला. म्हणाले, "मैंने जुबान दी थी. वो मेरे शॉप में टूटी, और मेरे को पता नहीं चला. पता रहना था. ये मेरा कसूर है, इस लड़के का नहीं." मग स्वतः जाऊन चाचांचा होल्डर आणला अन् दोन्ही हातांनी त्यांच्या हातात दिला. तो सुपरवायझर रडकुंडीला आला होता. तुम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवला, एवढंच.

पण इथं थांबले असते तं ते तुम्ही कसले! बाहेर रंगवलेल्या पेट्यांची रास लागली होती, गाडी उभी होती, न्यायला फौजेची माणसं आली होती. तुम्ही विचारलं, "इस ढेर में किसी को अपनी पेटी पर शक है क्या? नाम नहीं पूछता. बस निकाल के टेबल पे रखो." मला वाटलं, संपलं. इतक्या दिवसांच्या भेवानंतर, लढाई तोंडावर असताना, कोण उठणार? चाचा उठले. त्यांनी राशीतून एक पेटी खेचली. मग दुसरा. मग तिसरा. टेबल भरलं, खाली भुईवर पेट्या लागल्या. ज्याच्या त्याच्या कपाळावर घाम, थंडीत.

गाडी थांबली. मोठ्या ऑफिसात तुमची जी चंपी झाली ती मी दाराबाहेरून ऐकली. ऐन लढाईत माल अडवला! तुमची बढती त्या दिवशीच गेली, आपल्या दोघांनाही कळलं होतं. तुम्ही परत आले, बाह्या सरसावल्या अन् आमच्यासोबत शिवणी उघडून पुन्हा मारायला बसले. गाडी गेली तेव्हा आम्ही सगळे यार्डात उभे होतो. त्या पेट्या कोणत्या चौकीवर गेल्या, कोणी उघडल्या, आपल्याला कधी कळणार नाही. पण त्यातली दारू कोरडी होती, हे मी कोणाच्याही समोर छातीठोक सांगतो. भाऊजी, त्या दिवशी तुमचा इतका अभिमान वाटला की मी तुमच्याशी नीट बोललो नाही. पुलापाशी साखळी पाहायला थांबले तं मी पुढं निघून गेलो. बोलायला पाहिजे होतं.

लढाई जिंकून वर्षही झालं नाही अन् तुम्ही गेले. जेवून हात धुतले, खुर्चीत बसले, संपलं. मला राग आहे तुमचा. रुसायला, समजूत काढायला, "पाहू" म्हणायला एक दिवस तरी द्यायचा होता.

अन् आज मी कामावर गेलो. तुमच्या खुर्चीवर नवीन फोरमन आला आहे. तरुण इंजिनियर, इस्त्रीचा शर्ट, इकडचा नाही, आपल्याबद्दल काही माहीत नाही. मी होल्डर धरला, पण नजर तुमच्या खुर्चीकडं जात होती. पेटी केली, हौदात टाकली, कोपऱ्यातून बुडबुडे आले. मी ती सवयीनं दाराशी टेबलावर नेऊन ठेवली. डोक्यात तुम्हीच होते.

नव्या साहेबानं ती पाहिली. आत येऊन मोठ्यानं विचारलं, "ये किसका काम है?"

सगळं शॉप थांबलं. हा प्रश्न इतक्या वर्षांत त्या दारात कोणी विचारला नव्हता. सगळे माझ्याकडं पाहू लागले, अन् पेटी माझी आहे म्हणून नव्हे. मी सेक्रेटरी आहे म्हणून. आता वसंता उठेल, सांगेल की इथं नाव विचारायची रीत नाही. साहेब म्हणेल, कुठं लिहिलं आहे? अन् लिहिलेलं तं काहीच नाही. ज्या घटकेचं भेव मी तुम्हाला आयुष्यभर दाखवत आलो ती ही घटका होती. भाषण माझ्या जिभेवर तयार होतं, भाऊजी. मी उठून उभाही राहिलो.

अन् माझ्या तोंडातून निघालं, "मेरा है साहब. कोना छूट गया."

माझं मलाच नवल वाटलं. भेव वाटलंच नाही. साहेबानं माझ्याकडं पाहिलं, पेटीकडं पाहिलं. चाचा आपल्या जागेवरून सहज म्हणाले, "रख दीजिए साहब, छुट्टी से पहले सब मिलके देखते हैं." मग त्यानं हातातलं घड्याळ काढून खिशात ठेवलं, इस्त्रीच्या बाह्या वर केल्या अन् म्हणाला, "अभी देख लेते हैं. आप उधर से पकड़िए." आम्ही दोघांनी पेटी हौदात दाबून धरली. त्याचा शर्ट पार भिजला.

शब्द माणसाबरोबर जातो, असं मी तुमच्या तोंडावर म्हटलं होतं. नाही गेला. तुम्ही जिंकले, घ्या!

घरी येऊन हे सगळं ताईला सांगितलं. घाटावर नाही, काल तेरवीला नाही, ती आज पहिल्यांदा मोठ्यानं रडली. पदरानं तोंड पुसून म्हणाली, "वसंता, हे त्यांना कळायला पाहिजे होतं रे."

मी म्हटलं, सांगतो मी.